सूपमधलं चिनी मूळ

"डोस कमी करूया," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "सर, जरा थांबा."

रिपोर्ट सुनंदाकाकूंचा होता. काकू मूळच्या गुहागरच्या. इथे आखातात, गुदैबियात, नवरा-बायकोचं शिलाईचं दुकान. हृदयात कृत्रिम झडप. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून त्या वार्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर टेस्टमध्ये कळतं. काकूंचा आकडा कायम लाइनीत असायचा. या वेळी तो एकदम चढला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं, दंडावर काळेनिळे डाग होते.

मी क्लिनिकची फार्मसिस्ट. माझी भीती वेगळी होती. डोस कमी केला आणि आकडा चढवणारी गोष्ट उद्या आपोआप बंद झाली, तर झडपेवर गुठळी धरेल.

"मी विचारलंय. दुसरं औषध काही नाही," डॉक्टर म्हणाले.

मी काकूंना बाजूला घेतलं आणि औषधाचा विषयच काढला नाही. खाण्यापिण्यात नवीन काय, एवढंच विचारलं. त्या संकोचल्या. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघायच्या, मशीनवर बसवत नव्हतं. एका फिलिपिनो गिऱ्हाइकानं कसल्याशा मुळाच्या सुक्या चकत्या दिल्या. त्या सूपमध्ये उकळून काकू रोज घेत होत्या. फोनवर पाकिटाचा फोटो होता: डाँग क्वाय. चिनी वैद्यकात बायकांच्या तक्रारींवर हे मूळ फार जुनं आहे. वाफांवर त्याचा किती उपयोग होतो याचा पक्का पुरावा नाही. पण वार्फरिनबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो.

"औषध कुठलं गो, मूळ आहे नुसतं," काकू म्हणाल्या.

"काकू, डोक्याला मार लागला असता तर रक्त थांबलं नसतं."

त्या हळूच म्हणाल्या, "पण झोप लागायला लागली होती मला."

मी पाकिटाचा फोटो डॉक्टरांना नेऊन दाखवला.

डॉक्टरांनी मूळ बंद केलं, गोळी थोडी थांबवली, मग जुन्याच डोसवर सुरू करून वरचेवर टेस्ट केल्या. आकडा खाली आला. वाफा मात्र परत आल्या. काकू माझ्यावर रुसूनच गोळ्या न्यायच्या. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी झडप आणि वार्फरिन लक्षात घेऊन उपचार दिले. आता काकू बऱ्यापैकी झोपतात.

'औषध काय घेता?' विचारलं की लोक फक्त औषधं सांगतात. मी आता 'काय उकळून पिता?' हेही विचारते. उत्तरं लांबतात, रांग कुरकुरते. कुरकुरू दे.