पहिला दोर

झाडं छाटणाऱ्या त्या टोळीत पहिला दोर टाकायचा मान शेंड्याचा. वीस वर्षं तो झाडांच्या शेंड्यापर्यंत चढत आला, म्हणून नावच तसं पडलं. दोर नुसता फांदीवरून टाकला की करवतीसारखा चालतो. साल सोलवटते आणि दोराच्याही अंगावर लव उभी राहते. त्यावर शेंड्याचा तोडगा म्हणजे आग विझवायच्या जुन्या पाइपाचा हातभर तुकडा. दोर त्यातून ओवायचा आणि तुकडा बेचक्यात बसवायचा. तो सारखा घसरे, पण शेंड्याला त्याचा भारी अभिमान.

मग त्याचा साडू टोळीत आला. शेंडा साडू म्हणे, म्हणून सगळी टोळीच त्याला साडू म्हणू लागली. येताना तो एक पट्टा घेऊन आला. एका टोकाला मोठी कडी, दुसऱ्याला लहान. पट्टा फांदीला मिठी मारून बसे, दोर दोन्ही कड्यांतून पळे, सालीला शिवतसुद्धा नसे. काम झालं की खालूनच ओढून पट्टा उतरवायचा.

"साल बघा, बाळाच्या गालासारखी," मुकादम म्हणाला. शेंड्याने आपला पाइपाचा तुकडा पाठीमागे धरला.

घरीही सुटका नव्हती. "धाकटीच्या मालकांचा दोर अजून कोराच दिसतो," बायको म्हणाली. "तुमचा बघा, भांडखोर बोक्याच्या शेपटीसारखा फुललाय."

"आधी त्याला चढायला शिकू दे," म्हणत शेंड्याने घास न चावताच गिळला.

त्या आठवड्यात दवाखान्याच्या अंगणातल्या जुन्या झाडाचं काम निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वाळक्या फांद्या तेवढ्या काढा. सालीवर ओरखडा चालणार नाही."

मुकादमाने मान खाजवली. "शेंड्या, आज पहिला दोर साडूला टाकू दे."

वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "टाकू दे की," शेंडा म्हणाला, पण आतून तव्यासारखा तापला.

जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले, तसा त्याने साडूच्या पिशवीतून पट्टा काढला. हे आपल्यालाही येतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं. चढला, पलीकडच्या फांदीला पट्टा घातला, दोर ओवला आणि झोकात खाली आला. आता दोराच्या मोठ्या कडीकडच्या टोकाला गाठ मारायची, दुसरं ओढायचं. गाठ मोठ्या कडीतून निसटून लहान कडीत अडते आणि पट्टा सुटून खाली येतो. शेंड्याने गाठ मारली ती लहान कडीकडच्या टोकाला. ओढल्यावर पट्टा सुटायच्या ऐवजी आणखीच आवळला. चिडून त्याने सगळं अंग टाकून हिसडे दिले. सातव्या हिसड्याला वरून सालीची तळहाताएवढी ढलपी पडली.

साडू जागा झाला. त्याने आधी वर पाहिलं, मग गाठीकडे. "दादा, गाठ उलट्या बाजूला पडली," तो हळूच म्हणाला. "माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं." आणि चढून त्याने पट्टा सोडवून आणला.

तेवढ्यात मुकादम आणि बाई आल्या. बाईंनी ढलपी उचलली. "हे कोणाचं काम?"

"पट्टा माझाच आहे," साडू म्हणाला.

शेंड्याने तोंड मिटून घेतलं असतं, तर पहिला दोर पुन्हा त्याच्याच हाती आला असता. पण साडूचा तो शांत चेहरा पाहिला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टा त्याचा, कौतुक त्याचं, आणि आता मोठेपणाही त्याचाच?

"मी केलं," शेंडा वसकन म्हणाला. "हा घोरत होता. न विचारता घेतला मी. आणि याला उगाच भला म्हणू नका, आधीच शेफारलाय."

बाईंनी झाडावरची जखम पाहिली. "काम पुरं करा. पण हे पुन्हा वर दिसता कामा नयेत."

मुकादमाने शेंड्याच्या हातात छाटलेल्या फांद्या खाली सोडायचा दोर दिला.

"दादा, ढील द्या," थोड्या वेळाने वरून साडूची हाक आली.

शेंड्याने दिली. लागेल तेवढीच, वीतभरही जास्त नाही.