सुशीलाबाईंच्या उन्हाचा अर्ज

“भाऊ, आदी वाचून दावा, मग चष्मा पुसत बसा,” असे म्हणत सुशीलाबाईंनी परदेशी टपाल-तिकीट लावलेले पाकीट माझ्या टेबलावर ठेवले. त्या मलकापूरच्या वृद्ध विधवा. एकुलता एक मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर असून त्याने तिथलीच मुलगी केली आहे. पत्र ऑगस्टमधले, दहा वर्षांच्या नातीचे होते. आजी-नातीची भेट एकदाही झालेली नव्हती. फोनवर दोघी नुसत्या हसत, कारण भाषा जुळत नव्हती.

मी कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये सव्वीस वर्षे अर्ज लिहितो. शाळा दहावीत सुटली, परंतु ती गणितामुळे. इंग्रजीत मी उत्तीर्ण होतो, याची नोंद घ्यावी.

नातीने लिहिले होते, ‘इथे बॉइलिंग आहे. काल आम्ही रोस्ट झालो. डॅडी म्हणाला, मी मेल्ट होतोय. फार लव्हली दिवस होता.’

“म्हंजी काय?”

“उकळतंय, भाजून निघालो, वितळतोय.”

“अगं बया! किती ऊन हाय तितं?”

“एकोणतीस डिग्री.”

“एकोणतीसला आमी वाकळ वडून घेतो की!” सुशीलाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

इंग्रज माणूस उन्हाला स्वयंपाकघरातले शब्द लावतो, हे मला त्या दिवशी समजले. एवढे भाजून निघाल्यावर तो दिवस सुंदर होता, असेही लिहितो. त्या ‘लव्हली’कडे मात्र मी तेव्हा लक्ष दिले नाही.

पत्राच्या अखेरीस प्रश्न होता. ‘एप्रिलच्या सुट्टीत आम्ही येऊ का? मम्मी विचारते, तिथे किती गरम असते?’ या उत्तरावर मुलगा तिकिटे काढणार होता.

सुशीलाबाई सांगू लागल्या, “लिवा, ऊन हाय, पन दारात कडुलिंब हाय. माठाचं पानी हाय. दुपारी निजायचं, सांजंला नदीवर जायचं. ये म्हनावं.”

“मावशी, अशाने काम होत नाही,” मी म्हणालो. “पुढच्याला कळवळा यावा लागतो.”

आमच्या धंद्यात अर्जाचे दोन भाग असतात. आधी अडचण, मग विनंती. अडचण जितकी मोठी, तितकी विनंती लवकर मान्य होते. पोरीने एकोणतिसाला बॉइलिंग म्हटले, तर आमच्या एप्रिलच्या बेचाळिसाला त्याहून मोठे शब्द हवेत, असा मी हिशेब केला. वृद्ध अर्जदार दर उन्हाळ्यात एकटी रोस्ट होते, बेक होते, तिला पाहणारे कोणी नाही, असे पानभर इंग्रजीत लिहिले. शेवटच्या ओळीत, तरी कृपया यावे, ही विनंती केली.

“मी सांगितलं तसंच लिवलंय न्हवं?”

“त्याहून चांगलं.”

त्यांनी विश्वासाने सही केली.

महिन्याभराने, पत्राखाली टाकलेल्या नंबरावर, मुलाचा फोन थेट मला आला.

“आईचं पत्र तुम्ही लिहिलंत?”

“होय.”

“बायको वाचून रडली हो. एवढ्या उन्हात पोरीला नाही आणत. आईसाठी एसी पाठवतोय.”

“परंतु विनंती येण्याची होती.”

“ती अगदी खाली होती, साहेब.”

पुढे उन्हाळा तोंडावर आल्यावर, होळीच्या सुमारास एसी आला, भिंतीवर बसला. एप्रिलमध्ये मी मुद्दाम सुशीलाबाईंच्या घरी गेलो. दार सताड उघडे होते. एसीवर जुने लुगडे घातलेले. सुशीलाबाई दारातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या. तांब्याभर ताक पुढे ठेवले.

“मशीन लावत नाही?” मी विचारले.

“लावलं की दार लावून घ्यावं लागतंय. दार लावल्यावर मला हाक कोन मारनार, भाऊ?”

मी ताक सावकाश प्यालो. माझ्याही घरी वाट पाहणारे कोणी नाही, त्यामुळे उठण्याची घाई नव्हती. सावली बाजेवरून भिंतीवर गेली, तेव्हा मी पिशवीतून कोरा कागद काढला.

“सांगा, मावशी. तुम्ही म्हणाल तेवढंच लिहितो.”

त्यांनी पुन्हा कडुलिंब सांगितला, माठ सांगितला, नदी सांगितली. मी एकही शब्द वाढवला नाही. उत्तर अद्याप आलेले नाही.

सव्वीस वर्षांनी एक गोष्ट शिकलो. वाचणारा जी अडचण आधी वाचतो, तीच दूर करून मोकळा होतो. तेव्हापासून मी विनंती पहिल्या ओळीत लिहितो.