कार्बोरेटरमधला बर्फ

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं शिक्षण आखातात, अल ऐनच्या सनाइयात, गाड्यांखाली उताणं पडून झालं. सनाइया म्हणजे इथली गॅरेजांची वस्ती. अडतीस वर्षं तिथं काढली. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यानं परत आली, असं दाखवणारा माणूस अजून भेटायचा आहे. आता मुलाच्या व्हिसावर त्याच्याच घरी राहतो, पण गाडी माझी आहे. जुनी, कार्बोरेटरवाली. मुलगा दरवर्षी म्हणतो, बाबा, खलास करा आता ती. मी दरवर्षी तिला स्वतः पासिंगला नेतो आणि पास करून आणतो.

बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात वाजता डायलिसिस ठरलं. चार तास मशीनवर. आपली वेळ चुकली तर तास कापले जातात, कारण मागचा पेशंट थांबलेला असतो. मुलगा म्हणाला, टॅक्सी लावू. मी म्हटलं, माझ्याकडे लायसन आहे, गाडी आहे, माझी बायको भाड्याच्या गाडीतून जाणार नाही. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमचं घर शहराबाहेर, हॉस्पिटलपासून पंचवीस मिनिटांवर. थंडीत इथं पहाटे असं धुकं पडतं की काचेवरून पाणी ओघळतं. अशाच एका सकाळी अर्ध्या वाटेवर गाडीचा दम गेला. मिसिंग मारायला लागली आणि बंद पडली. कडेला घेतली, बॉनेट उघडलं. प्लग काढून पाहिले, पेट्रोल येतंय का पाहिलं, वायरी पाहिल्या. सगळं ठीक. वीस मिनिटं गेली आणि मग चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी तिला मशीनवर साडेतीन तास मिळाले.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. धुकं, तीच वाट, तसाच गेलेला दम. मी वैतागून ठिणगीचा कंडेन्सर बदलत होतो. ती काच खाली करून म्हणाली, "अहो, आत बर्फ धरत असेल."

मी हसलो. "वाळवंटात बर्फ? तू डबे कर, गाडीचं माझ्यावर सोड."

तिनं खरोखरच वर्षानुवर्षं मजुरांच्या कॅम्पातल्या पोरांचे डबे केले होते. ती शांतपणे म्हणाली, "डबे केले म्हणूनच सांगते. मोठी शेगडी दोन तास चालली की सिलिंडर खालून गारठायचा. पांढरा थर धरायचा त्यावर. तुम्हीच हात लावून बघितला होतात. गॅस उडताना गारवा करतो, मग तुमचं पेट्रोल नाही का करणार?"

मी बॉनेट आपटलं. माझ्या धंद्यातलं मला स्वयंपाकघरातून कुणी शिकवावं, हे तेव्हा सहन झालं नाही. चावी फिरवली तर गाडी चालू झाली, म्हणजे कंडेन्सरच होता असं मी सांगून टाकलं.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो कपाळाला आठ्या घालून. हॉस्पिटलमधून त्याला फोन गेला होता की आई दोनदा उशिरा आल्या. गाडी बंद पडत असेल तर उद्यापासून टॅक्सी, असं तो म्हणाला. मी बेसिनपाशी हाताचं ग्रीस धूत होतो. माझ्या आधी तीच बोलली. "गाडीला काय झालंय? मलाच आवरायला वेळ लागतो रे. हल्ली अंघोळ लवकर उरकत नाही."

नळ बंद करून बोलता आलं असतं. मी हात धूत राहिलो, ग्रीस निघून गेल्यावरही.

तिसऱ्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा ती म्हणाली, "आत्ता उघडा. आधी तेच उघडा. नंतर नको." तिचा आवाज बारीक झाला होता आणि पाय सुजले होते. गप्प बसावी म्हणून मी एअर क्लीनरचं झाकण काढलं. आत कार्बोरेटरच्या तोंडाशी, फ्रीजरच्या भिंतीला चढतो तसा पांढरा थर होता. पत्र्याची झडप त्यात अडकलेली. बोट लावलं तर बोट चिकटलं. आधी दोन्ही वेळा मी प्लग आणि वायरी हुडकत बसलो होतो, तेवढ्यात इंजिनाच्या उबेनं तो वितळून गेला असणार.

सगळं एकदम कळलं. जुन्या गाड्यांना सायलेन्सरच्या मुळाजवळून गरम हवा आणणारा एक पाइप असतो. गरम मुलखात गरम हवा कशाला, म्हणून हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीचा तो पाइप मी उपटून फेकला होता. दुसऱ्यांनाही तसंच शिकवलं होतं. ही गाडी घेतली त्याच दिवशी हिचाही फेकला होता.

"बर्फ आहे ना?" तिनं विचारलं.

"कचरा आहे," मी म्हणालो. "पेट्रोलमधला."

"बरं," ती म्हणाली आणि शाल ओढून बसली.

मी झाकण लावलं आणि शेजारी येऊन बसलो. बर्फ वितळेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या धुक्याकडे बघत होतो.

दुपारी तुपाचा रिकामा डबा कापला, त्याची नळी वळवली आणि सायलेन्सरपासून एअर क्लीनरपर्यंत बसवली. त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर एक केरळी बाई असायच्या. त्यांना ती आपल्या हिंदीत सांगायची, हमारे इन्होंने आखिर ढूंढ निकाला. मी बाहेर बाकावर बसून ते ऐकायचो.

उन्हाळ्यात ती गेली. हृदय थांबलं. मुलानं डॉक्टरांना विचारलं, मधे तीनदा तास कमी पडले त्याचं काही? ते म्हणाले, तेवढ्यानं असं होत नाही. ते शिकलेले आहेत, त्यांचं खरं असेल.

तेराव्याला घरात माणसं होती. तिच्या आठवणी निघाल्या. सून प्रेमानंच म्हणाली, आईंना आवरायला किती वेळ लागायचा, हॉस्पिटललासुद्धा उशीर व्हायचा. सगळे हसले. नातवंडंही हसली. आता तीही मोठी होऊन आपल्या आजीबद्दल हेच सांगणार.

माणसं गेल्यावर मी मुलाला बोलावलं आणि सांगितलं. बर्फ, पाइप, अंघोळीचं खोटं, कचऱ्याचं खोटं, सगळं. तो म्हणाला, "लीव्ह इट, बाबा. आता काय उपयोग?"

त्याच्यापुरतं त्यानं सोडलं असेल. सुनेला त्यानं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. म्हणून मी हे लिहायला बसलो, चौथीच्या अक्षरात. ती सहाच्या आत तयार होऊन दाराशी उभी असायची. उशीर तिच्यामुळे एकदाही झाला नाही.