चिंध्यांची बोटं

ज्योतीरामचा डावा हात लांबून बघा, एकदम धडधाकट. तो काम करतो त्या महाळुंग्याच्या शेडमध्ये जहाजांचे लोखंडी दरवाजे बनतात. समुद्र तिथं कुणी पाहिलेला नाही, पण क्रेनची साखळी हात चिरडते ती बंदरातल्यासारखीच. ज्योतीरामची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तसंच गेलं. मग कंपनीनं काय दिलं? नवा हातमोजा. पाच बोटांचा! हात बघून हातमोजा द्यावा एवढी अक्कल कुणाला आहे?

ज्योतीरामला मात्र तो आवडला. गडी पहिल्यापासून ऐटबाज; मिशीला तेल लावल्याशिवाय निघोजे गावातली खोली सोडणार नाही. रिकाम्या दोन बोटांत त्यानं चिंध्या ठासल्या. कँटीनमध्येही मोजा उतरत नसे. घरी हात खिशात. बायकोनं, इंदुताईनं, मलम लावू का विचारलं, की म्हणायचा, "बरं झालंय गं. काय बघायचंय त्यात?"

एका सकाळी क्रेननं लोखंडी प्लेट उचलताना त्यानं साखळी हातानं धरली होती. साखळी ताणली, आणि मोज्याची दोन बोटं साखळीखाली अडकली. चिंधीला कळ कुठून येणार? हात ओढला जाऊ लागला तेव्हा तो किंचाळला. क्रेनवरच्या आम्रपालीनं बटण सोडलं. हात निसटला, मोजा साखळीलाच लटकला.

"राव, ज्योतीभाऊंचा हात चालला वर!" सोबत काम करणारा सुजित खिदळला.

ज्योतीरामनं हात काखेत लपवला. आम्रपाली हसली नाही. "भाऊ, ती दोन बोटं कापून, शिवून आणा. नाहीतर तुमच्यासोबत मी क्रेन चालवणार नाही."

"सगळ्यांना दिसंल की गं."

"दिसू द्या! उरलेली तीन घालवायचीत का?"

साखळी ओढायला लोखंडी आकडा न देणाऱ्या साहेबाला तिनं नंतर जे सुनावलं, ते लिहिलं तर कागद जळेल.

संध्याकाळी ज्योतीरामनं मोजा इंदुताईपुढं टाकला. "दोन बोटं काप आन् तोंडं शिवून टाक."

"कुठून कापू? हात आणा."

तो घुटमळला. मग खिशातला हात काढून तिच्या हातात दिला. तिनं थोटकावरून अंगठा फिरवला.

"दुखतं?"

"थंडीत."

"आन् सांगायचं न्हाई व्हय?"

कात्री तशीच पडून; हात काही तिनं सोडला नाही.

"कापतीस का न्हाई?"

"थांबा की जरा. माप घेतेय."