टाच घासायचा दगड

मने, समोर असतीस तर म्हटलं असतं, इकडे ये, अशी जवळ बस. महिना उलटला, कोलशेतहून डोंबिवलीला यायला तुला सवड नाही? की मामीवर रागावलीस… थांब, रागावायचं कारण अजून सांगायचंय. नलूचं दिवसकार्य झाल्यावर तू विचारलंस, "आईची हिमाचलची ट्रिप कशी झालेली गं?" मी म्हटलं, छान. ते खोटं होतं. तोंडावर सांगवेना, म्हणून लिहितेय.

नलू माझी नणंद. कल्याणच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण बर्फाचे डोंगर काढले ते फळ्यावरच. रिटायर झाल्यावर आम्ही दोघी एका ग्रुपबरोबर गेलो. नदीकाठच्या अरुंद घळीतून चालताना ही एका कातळापाशी थबकली. "वहिनी, हात लाव." दगडावर सरळ रेघा, फणी ओढल्यासारख्या. "पाणी दगड गुळगुळीत करतं. हे बर्फाच्या नदीचं काम. हजारो वर्षांपूर्वी इथनं सरकत गेली, पोटातल्या दगडांनी ओरखडत." मी म्हटलं, "आमच्या कढईवर पण आहेत, तारेच्या घासणीच्या!" खळखळून हसली. मग वळणाकडे बोट केलं. "त्याच्या पलीकडे दरी रुंद होत असणार, तळ सपाट, भिंती उभ्या. आयुष्यभर फळ्यावर काढली गं ती. अर्धा तास फक्त, चल."

मी म्हटलं, गुडघे दुखतात. नव्हते दुखत, मने. कंटाळा आलेला, आणि हॉटेलातलं गरम जेवण डोळ्यांपुढे. "दरी काय पळून जातेय? पुढच्या वर्षी बघ." मला एकटीला सोडून जाईल ती नलू कसली! लगेच वळली. वर परतताना सारखी, "फार दुखतंय का गं?" म्हणत माझा हात धरून होती… पुढच्या वर्षी तिचंच दुखणं निघालं.

तिथला एक रेघांचा दगड तिनं मला उचलून दिलेला. मी तो टाचा घासायला बाथरूममध्ये ठेवला. तिनं बघितलं, तर म्हणते, "घास वहिनी, बर्फानं घासला, तू का मागे राहतेस?" तू ती बातमी द्यायला फोन केलास, तेव्हा माझ्या हातात तोच होता.

आता धुऊन खिडकीत ठेवलाय. एक बाजू मी पार गुळगुळीत करून टाकली. दुसऱ्या बाजूला तीन रेघा आहेत अजून. त्यांच्यावर बोट फिरव, मग मला काय बोलायचं ते बोल. त्या वळणापलीकडे जायचं म्हणालीस तर मी येते, माझे गुडघे बरे आहेत… तेव्हाही होते. या रविवारी ये गं.