क्रॉफ्टने झाडलेला आठवडा

एल्डर क्रॉफ्ट स्वस्थ बसलेला मी एकदाच पाहिला, तोही दोन मिनिटं. एरवी खुर्चीत बसला की त्याचा गुडघा हलायचा. उभा राहिला की हात ओव्हरकोटाच्या तिसऱ्या बटणाशी चाळा करायचा. बटण तुटलं की खिशातून सुई-दोरा काढून तो उभ्या उभ्या ते परत लावायचा. एल्डर म्हणजे वडीलधारा. हा वडीलधारा वीस वर्षांचा होता आणि त्याला धड मिशीही फुटली नव्हती. अमेरिकेतल्या बटाट्याच्या शेतावरून मॉर्मन पंथाचा प्रचार करायला तो जर्मनीत आला होता. चौदा महिने दारोदार हिंडूनही एक माणूस त्याच्या हाती लागला नव्हता. दार तोंडावर आपटलं की तो म्हणायचा, "नोख आइने ट्यूर." म्हणजे, अजून एक दार.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी श्टुटगार्टला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि त्सुफेनहाउझेनमध्ये फ्राऊ मायर नावाच्या विधवा बाईंच्या घरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्या भागात रिवाज असा की बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना, तळघर आणि फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी टांगतात. याला म्हणतात केरवोख. नावातच केर, तेव्हा मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही.

माझ्या दारावर पाटी आली त्या सोमवारी माझा घोटा प्लास्टरमध्ये होता. फ्राऊ मायर म्हणाल्या, "हेर लिमये, पायाचं फार वाईट झालं. पण पाय मोडला म्हणून जिना आपोआप झाडला जात नाही."

कुबड्या भिंतीला टेकवून, पायरीवर बसून मी झाडू मारत होतो. एवढ्यात खाली घंटा वाजली. दारात दोन काळे ओव्हरकोट उभे. फ्राऊ मायर आतूनच ओरडल्या, "काही नको!" त्यातल्या एकाने मान वर करून मला पाहिलं, तीन-तीन पायऱ्या चढत आला आणि माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"द्या इकडे. घरी गोठा मीच झाडायचो," तो म्हणाला. हा क्रॉफ्ट. दुसरा एल्डर लेन, माझ्याच चणीचा पण वीतभर उंच. दोघांनी एकमेकांना नजरेआड करायचं नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून तो बिचारा जिन्याच्या वळणावर पुस्तक उघडून उभा राहिला. जाताना क्रॉफ्टने पाटीकडे बोट दाखवलं. "ही शनिवारपर्यंत ना? उद्या येतो."

आणि खरंच रोज आला. मी चहा पुढे केला तर तो वर्ज्य, कॉफीही वर्ज्य. पाहुणा कोरडा कसा जाऊ द्यायचा? मग साखर घालून गरम दूध देऊ लागलो. तो ते उभ्यानेच प्यायचा आणि झाडता झाडता आपल्या धर्माबद्दल सांगायचा. मी पायरीवर बसून "वा" आणि "खरं आहे" म्हणायचो. आपल्याला कुठल्याच देवाचं वावडं नसतं. दर्ग्यासमोरून जाताना आपले हात जुळतात.

बुधवारी त्याने विचारलं, "रविवारी आमच्या प्रार्थनेला याल?"

"येईन की."

"आणि आमच्यातलेच व्हाल?"

"पाहू," मी म्हणालो.

आपल्याकडे 'पाहू' ऐकलं की शहाणा माणूस मुकाट्याने चपला घालतो. क्रॉफ्टचा चेहरा मात्र उजळला. त्या दिवशी जाताना तो 'अजून एक दार' म्हणाला नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याने 'पाहू' म्हणजे होकार धरला होता. त्याचा गैरसमज तिथल्या तिथे दूर करायला हवा होता. पण अजून तीन दिवस जिना झाडायचा होता. भिडेपोटी गप्प बसलो असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी मतलबापोटी गप्प बसलो.

शुक्रवारी त्याने एक कागदी पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. आत इस्त्री केलेली पांढरी विजार आणि सदरा.

"बाप्तिस्म्यासाठी. लेनचे आहेत. तळघरात तुमची विजार वाळत होती, तिच्यावरून माप घेतलं आणि खालून कापून शिवली." मग शेजारी बसत म्हणाला, "फ्रँकफर्टला आमच्या प्रमुखांना पत्रही टाकलं. लिहिलं, एक माणूस मिळाला."

तेव्हा त्याचा गुडघा हलत नव्हता. मी त्या टाक्यांकडे पाहत राहिलो. बारीक, सरळ टाके होते. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी तो ओल्या फडक्याने जिना पुसत होता. निम्म्यावर आला तेव्हा मी बोललो. "मी उद्या येईन, मागे बसेन. पण धर्म बदलणार नाही. ते कधीच माझ्या मनात नव्हतं."

त्याने फडकं पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझा गैरसमज झालाय हे तुम्हांला कधी कळलं?"

"बुधवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"जिना राहिला होता," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

उरलेल्या पायऱ्या त्याने कोपऱ्यांसकट पुसल्या, माझ्या दारावरची पाटी काढली आणि शेजारच्या दारावर टांगली. तेवढ्यात फ्राऊ मायर बाहेर आल्या. त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं, ते बोट निरखून पाहिलं आणि क्रॉफ्टला म्हणाल्या, "आत या. कॉफी ठेवते."

चौदा महिन्यांत उघडलेलं पहिलं दार, आणि आत कॉफी! मी वरून सांगितलं, "त्यांना दूध चालतं." तेवढंच माझ्या हातात होतं.

रविवारी कुबड्या घेऊन गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. मला पाहताच क्रॉफ्टचा हात बटणाकडे गेला. मी पुडकं परत केलं तर घेईना. लेनला ती विजार आता आखूड होत होती. सोमवारी क्रॉफ्टची बदली दुसऱ्या गावी होणार होती आणि त्याआधी त्याला प्रमुखांना दुसरं पत्र लिहायचं होतं. तरी तो मला ट्रॅमपर्यंत सोडायला आला. लेन दहा पावलं मागून चालत होता.

ट्रॅम दिसली तेव्हा क्रॉफ्ट म्हणाला, "हेर लिमये, बुधवारी सांगितलं असतंत, तरी मी शनिवारपर्यंत झाडलंच असतं."

मग त्याने दंडाला धरून मला वर चढवलं आणि कुबड्या हातात दिल्या. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही.

हल्ली मी नाही म्हणायचं असेल तर लगेच नाही म्हणतो. नातेवाईक म्हणतात, जर्मनीत राहून हा तिरसट झाला. पांढरी विजार अजून माझ्या कपाटात आहे. ती मला अगदी मापात बसते.