नाव घेताच बंद पडलेला माईक

येरमाळ्याच्या शब्बीरभाई मेकॅनिकवर अन्याय झाला. गेल्या पंधरा ऑगस्टला, सकाळी सव्वादहा वाजता, आमच्या शाळेच्या पटांगणात, अख्ख्या गावादेखत. त्यापायी ज्यांचा जीव तळमळला ते माझ्या आईचे मामा, जिल्ह्यातला सगळ्यात अवघड म्हातारा, आता नाहीत. म्हणून मी हे पत्रक लिहितेय.

मामाआजोबा एकाहत्तरच्या लढाईत विमान उडवायचे. पुढं आमदार झाले, राज्यमंत्री झाले, मग एका विमान कंपनीत मोठे साहेब. खुर्च्या बदलल्या, खोड एकच राहिली. कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याला एक फेरी मारायची, चाकाला लाथ घालायची, आणि ज्यानं ते दुरुस्त केलं त्याला हुडकून विचारायचं, "जाऊ का?" लाल दिव्याची गाडी असो की तुळजापूरची एसटी. कंडक्टर घंटी वाजवून दमायचा. "ओ आजोबा, बसा की! विमान हाय का हे?" "विमान असतं तर तुला आधी खाली उतरवला असता." आईच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोडीलाही फेरी मारली, लाथेचा भाग मात्र घोडीनंच उरकला.

मंत्री असताना एका शाळेचं उद्घाटन होतं. फीत तशीच सोडून ते गवंड्याला शोधत गेले. "छत धरंल का रं?" गवंडी मान खाली घालून म्हणाला, "साहेब, खरं सांगू का?" कात्री ताटात परत गेली आणि पुढच्या निवडणुकीचं तिकीटही गेलं. विमान कंपनीत तेच. मेकॅनिक 'नाही' म्हणाला की विमान हलायचं नाही, आत कुणीही बसलेला असो. तिथूनही लवकरच घरी आले.

ही खोड लावली शब्बीरभाईंनी. लढाईत ते मामाआजोबांच्या विमानाचे मेकॅनिक होते; एका सकाळी त्यांना विमानाखाली तेलाचा ओघळ दिसला. "साब, आज नै," म्हणून ते सरळ चाकापुढं आडवे पडले. तरण्याताठ्या मामाआजोबांनी नाही नाही त्या शिव्या घातल्या, पण गडी उठला नाही. "उडालो असतो तर आमदार कसला, भिंतीवरचा फोटो झालो असतो म्या," असं ते सांगायचे.

गेल्या पंधरा ऑगस्टला गावानं वीरांचा फलक लावला. मामाआजोबांनी शब्बीरभाईंचं नाव स्वतः लिहून दिलं होतं. ते नव्हतंच. सत्कार समिती म्हणाली, "ते परगावचे. आन् विमान कुठं उडवलंय त्यांनी?" समितीच्या अध्यक्षांचा साडूही परगावचाच, तो फलकावर बरा चालतो! मामाआजोबा माईकपाशी गेले. "माझ्या आधी शब्बीरचं नाव—" आणि माईक बंद. लाउडस्पीकरवर गाणं लागलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. दिवाळीआधी ते गेले.

मी या पत्रकाचा कच्चा कागद घेऊन शब्बीरभाईंकडे गेले. हायवेला त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी कागद वाचला नाही, नुसता हातात धरून बसले.

"नाव राहू दे, बेटी. साहेब दर जुम्म्याला फोन करायचे. 'शब्बीर, जेवलास का?' एवढंच पुसायचे. आताबी जुम्म्याला फोन जवळ घेऊन बसतो म्या. वाजत न्हाय, म्हायती हाय."

ते राहू दे म्हणाले, तो त्यांचा मोठेपणा. आपण राहू दिलं तर तो आपला कोडगेपणा. तेव्हा घरात बसून हळहळू नका. येत्या ग्रामसभेला या, हात वर करा आणि विचारा: माईक कुणी बंद केला, आणि शब्बीरभाईंचं नाव कधी लागणार? उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.